तीन टक्के रिलीज, सत्त्याण्णव टक्के टोल्युइन : ब्राउन टेपच्या लाइनवरून सॉल्व्हंट हटवण्याचं प्रकरण

खोक्यांना लावायची ब्राउन टेप गुंडाळीतून सहज सुटते, त्याचं श्रेय चिकटाइतकंच टेपच्या पाठीलाही आहे. बीओपीपी (दोन्ही दिशांना ताणलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या) फिल्मच्या एका अंगाला हॉटमेल्ट, म्हणजे वितळवून लावलेला चिकट असतो आणि दुसऱ्या अंगाला डोळ्यांना न दिसणारा रिलीज कोट, म्हणजे चिकटाला सहज सुटू देणारा थर. हा कोट नसला, तर एसआयएस (स्टायरीन-आयसोप्रीन-स्टायरीन) रबराचा हॉटमेल्ट फिल्मच्या पाठीला इतका घट्ट धरतो की टेप ओढताना कर्कश आवाज येतो आणि फिल्म ताणली जाते. उन्हाळ्यात गोडाऊनमध्ये पडून राहिलेल्या रोलमध्ये तर चिकट आपली जागा सोडून पाठीवर उतरतो.

या कोटमधून सॉल्व्हंट (विरघळवणारा द्रव) पूर्णपणे काढायचा आणि त्याच वेळी सिलिकोन अगदी थोडं ठेवायचं, असं हे प्रकरण आहे. लाइन नमुना म्हणून धरली आहे, पण तिची मापं बाजारात सर्रास दिसतात : फिल्म २८ मायक्रॉन, चिकट २० ग्रॅम प्रति चौरस मीटर, रुंदी १,२८० मिलिमीटर, जंबो (कापण्याआधीचा मोठा रोल) ४,००० मीटरचा, वेग मिनिटाला १०० मीटर. पुढचे हिशेब याच मापांवर केले आहेत.

जुनी मांडणी

जुना रिलीज म्हणजे लांब साखळीचा कार्बामेट. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलवर ऑक्टाडेसिल आयसोसायनेट चढवून तयार केलेला हा मेणचट पॉलिमर टोल्युइनमध्ये ३ टक्के विरघळवतात आणि ग्रॅव्ह्युअर (बारीक खाचांत द्रव उचलणाऱ्या) सिलिंडरने ओला ४ ग्रॅम प्रति चौरस मीटर लावतात. सुकल्यावर पाठीवर ०.१२ ग्रॅम उरतो. सिलिकोनचा यात अंशही नाही. अठरा कार्बनच्या साखळ्या ब्रशच्या केसांसारख्या उभ्या राहतात आणि चिकटाला फक्त त्यांची टोकं लागतात.

मिनिटाला १२८ चौरस मीटर फिल्म जाते. दर चौरस मीटरला ३.८८ ग्रॅम टोल्युइन धरलं, तर तासाला जवळजवळ ३० किलो होतं. दिवसाला १६ तास आणि वर्षाला ३०० दिवस लाइन चालली तर १४४ टन. हे सगळं टोल्युइन फक्त हवेत जाण्यासाठी विकत घेतलं जातं. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट ४ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे पेट्रोलियम कायद्याच्या भाषेत ‘वर्ग अ’. बीओपीपी फिल्म उलगडताना हजारो व्होल्टची स्थिर वीज बनते, आणि ती बनते नेमकी टोल्युइनच्या ट्रेपासून हातभर अंतरावर. अर्थिंगचे ब्रश झिजले आहेत का हे दर शिफ्टला बघावं लागतं ते यासाठी.

ड्रायरचा हिशेब आणखी बोलका आहे. तासाला ३० किलो टोल्युइनची वाफ सुमारे ८ घनमीटर होते. तिच्या स्फोटाची खालची मर्यादा हवेत १.२ टक्के. सुरक्षिततेसाठी त्याच्या पावपटीतच, म्हणजे ०.३ टक्क्यावर राहायचं, तर तासाला किमान २,६५० घनमीटर ताजी हवा आत घ्यावी लागते. टोल्युइनची वाफ करायला लागते साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता, आणि ही हवा ३० अंशांवरून ७० अंशांवर न्यायला लागते सुमारे ३५ किलोवॉट. म्हणजे इंधन जळतं ते मुख्यतः हवा तापवायला.

‘कमी सिलिकोन’ म्हणजे किती आणि कशासाठी

या टेपला पूर्ण सिलिकोन नको, याची कारणं अगदी व्यवहारातली आहेत. पाठीवर कंपनीचं नाव छापायचं असतं आणि सिलिकोनवर शाई धरत नाही. एका टेपवर दुसरी टेप किंवा लेबल चिकटायला हवं असतं. शिवाय पूर्ण सिलिकोनवरून टेप इतकी सैल सुटते की स्लिटिंगनंतर (जंबो कापून लहान रोल केल्यावर) रोलचे थर आडवे सरकतात आणि रोल दुर्बिणीसारखा बाहेर येतो. मशीनवर तर हात काढला तरी टेप आपोआप उलगडत राहते. सर्वांत वाईट म्हणजे न बांधलं गेलेलं सिलिकोन गुंडाळीतच चिकटावर उतरतं आणि टेप खोक्यावर धरत नाही.

शेवटचं कारण नीट समजून घ्यायला हवं. ग्राहकाचं नुकसान करतं ते सुटं सिलिकोन. जाळ्यात बांधलेलं सिलिकोन जागेवरून हलत नाही. त्यामुळे कोटमध्ये सिलिकोन किती टक्के टाकलं, या आकड्याइतकाच त्यातलं किती धुऊन निघतं हा आकडाही महत्त्वाचा. १ टक्का न गुंतणारं सिलिकोन तेल ५ टक्के गुंतणाऱ्या सिलिकोन अ‍ॅक्रिलेटपेक्षा जास्त उपद्रवी ठरू शकतं.

एक सूचना इथेच. मोटारीच्या पेंट शॉपमध्ये जाणाऱ्या टेपसाठी या प्रकरणातलं काहीही वापरू नये. तिथे सिलिकोनचा सूक्ष्म अंशही रंगात खड्डे पाडतो. तिथली अट ‘शून्य’ असते, ‘कमी’ नव्हे.

जे मार्ग सोडले

कार्बामेटचं पाण्यातलं इमल्शन हा पहिला, वरवर सोपा मार्ग. त्यात कणांचा सलग थर व्हायला उष्णता लागते, बीओपीपी मात्र जास्त उष्णतेत आकसते. आणि इमल्शन टिकवणारा साबण पाठीवरच राहतो, तो पुढे चिकटात शिरतो. कागदावर हा मार्ग बरा चालतो, फिल्मवर त्रास देतो.

शंभर टक्के घन, प्लॅटिनमने पिकणारं (म्हणजे साखळ्या जोडून घट्ट होणारं) सिलिकोन लायनरच्या (लेबलामागच्या) कागदावर उत्तम चालतं. पण त्याला सहसा ११० अंशांच्या वर तापमान लागतं आणि तो सगळा थर सिलिकोनचाच. दोन्ही अटी इथे मोडतात.

कॅटायनिक यूव्ही, म्हणजे इपॉक्सी सिलिकोन. याला नायट्रोजन लागत नाही ही मोठी सोय. परंतु हवेतली आर्द्रता वाढली की त्याचं पिकणं मंदावतं. भिवंडी-वसई पट्ट्यात किंवा कोकणात जून ते सप्टेंबर लाइन चालवायची असेल तर चार महिने दररोज वेगळी सेटिंग करत बसावं लागेल. इलेक्ट्रॉन बीम तांत्रिकदृष्ट्या सरस, पण या आकाराच्या एका लाइनसाठी भांडवल झेपत नाही.

उरला फ्री-रॅडिकल यूव्ही : अ‍ॅक्रिलेटचं शंभर टक्के घन मिश्रण, त्यात थोडं सिलिकोन अ‍ॅक्रिलेट, आणि दिव्याखाली नायट्रोजन.

मिश्रण

सुरुवातीचा घाट वजनाने असा : अ‍ॅलिफॅटिक युरेथेन डायअ‍ॅक्रिलेट ३०, हेक्झेनडायॉल डायअ‍ॅक्रिलेट ३०, स्टिअरिल अ‍ॅक्रिलेट २४, आयसोबॉर्निल अ‍ॅक्रिलेट १०, सिलिकोन अ‍ॅक्रिलेट ३, फोटोइनिशिएटर (प्रकाशाने पिकणं सुरू करणारं रसायन) ३. एकूण १००.

युरेथेन थराला चिवटपणा देतं. हेक्झेनडायॉल डायअ‍ॅक्रिलेट पातळपणा देतं, जाळं विणतं आणि फिल्मच्या पृष्ठभागाला थोडं धरतं. स्टिअरिल अ‍ॅक्रिलेट म्हणजे जुन्या कार्बामेटच्याच अठरा कार्बनच्या साखळ्या, पण आता जाळ्याला बांधलेल्या. इनिशिएटर म्हणून द्रवरूप अल्फा-हायड्रॉक्सी कीटोन पुरतं. थर पारदर्शक आणि अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असल्याने खोलवर पिकवणारा टीपीओ हा इनिशिएटर लागत नाही. तो तसाही २०२३ मध्ये युरोपच्या चिंताजनक रसायनांच्या यादीत गेला आहे. निर्यातीचा विचार असेल तर सिलिकोन पुरवणाऱ्याकडून डी४, डी५, डी६ या वलयाकार सायलॉक्सेनचं प्रमाण प्रत्येकी ०.१ टक्क्याच्या खाली असल्याचा दाखला घ्यावा. ही तिन्ही २०१८ पासून त्याच यादीत आहेत.

३ टक्के सिलिकोनने भागतं कसं? पॉलिडायमिथाइल सायलॉक्सेनचा पृष्ठताण मीटरला २१-२२ मिलिन्यूटन, आणि बाकी अ‍ॅक्रिलेटांचा ३० च्या पुढे. त्यामुळे ओल्या थरातलं सिलिकोन आपोआप वर तरंगतं. ०.६ ग्रॅम थरात ३ टक्के म्हणजे चौरस मीटरला १८ मिलिग्रॅम. सायलॉक्सेनचा एक रेणू जाडीचा थर साधारण ०.७ ते ०.८ मिलिग्रॅमचा. निम्मं जरी वर आलं, तरी पृष्ठभाग दहा-बारा वेळा झाकला जाईल इतका माल आहे. पूर्ण सिलिकोन लायनरवर हाच आकडा ६०० ते १,००० मिलिग्रॅम असतो. त्यातलं बहुतेक सिलिकोन चिकटाला कधी दिसतच नाही, ते फक्त खालचं उंचसखलपण भरत बसतं.

वर यायला थोडा वेळ मात्र द्यावा लागतो. कोटिंग रोलर आणि दिवा यांच्यात ३ मीटर अंतर ठेवलं तर १०० मीटर वेगाला १.८ सेकंद मिळतात. जागा नाही म्हणून दिवा रोलरला खेटून बसवला, तर तेच मिश्रण घट्ट सुटतं आणि दोष मिश्रणावर येतो.

टक्केवारी ठरवायची पद्धत : ०, ०.५, १, २, ३, ५ आणि ८ टक्क्यांचे सात नमुने करायचे. प्रत्येकाचं सुटण्याचं बल आणि धुऊन निघणारं सिलिकोन एकाच आलेखावर मांडायचं. बलाची रेषा आधी झपाट्याने उतरते, मग एका वळणानंतर आडवी होते. वळणापुढे सिलिकोन वाढवून टेप फारशी सैल होत नाही, सुटं सिलिकोन तेवढं वाढतं. निवड वळणाच्या थोडी पुढची करावी. अगदी वळणावर राहिलं तर वजनातला किरकोळ फरकही टेपमध्ये दिसतो. वरच्या घाटातले ३ टक्के त्या शिडीच्या मधल्या पायऱ्यांपैकी एक म्हणून धरले आहेत. शेवटचा आकडा आपापल्या हॉटमेल्टवर ठरतो.

सिलिकोन अ‍ॅक्रिलेट निवडताना एक चूक हमखास होते. ‘स्लिप’साठी विकलं जाणारं पॉलिइथरयुक्त अ‍ॅक्रिलेट मिश्रणात सुंदर विरघळतं, द्रव काचेसारखा स्वच्छ दिसतो, आणि रिलीज मिळत नाही. रिलीजसाठी लागणारी लांब सायलॉक्सेन साखळी मिश्रणाला किंचित गढूळ करते. तो गढूळपणा दोष नाही. मात्र डबा वापरण्याआधी हळू वेगाने १५-२० मिनिटं ढवळावा लागतो.

पसरवायचं कोणी?

या प्रकरणाचा गाभा इथे आहे. टोल्युइनचं काम नुसतं विरघळवण्याचं नव्हतं. मूठभर पॉलिमर मैदानभर पसरवायचं काम ते करत होतं. ४ मायक्रॉनचा ओला थर लावणं कोणत्याही ग्रॅव्ह्युअरला जमतं, त्यातले ३.८८ उडून गेले की ०.१२ आपोआप उरतो. सॉल्व्हंट काढला की जे लावाल तेच राहतं, आणि ०.१२ मायक्रॉनचा सलग ओला थर कारखान्यातले रोलर लावू शकत नाहीत. व्यवहारात खालची मर्यादा ०.४ ते ०.५ ग्रॅमची, रोजच्या चालण्यासाठी ०.६ धरावा.

म्हणजे जुन्या मांडणीत तासाला ०.९ किलो घन माल लागत होता, नव्यात ४.६ किलो लागतो. पाचपट. टोल्युइनचा खर्च वाचला एवढाच हिशेब व्यवस्थापनापुढे ठेवला आणि हा आकडा झाकला, तर दुसऱ्याच महिन्यात प्रश्न येतो.

पसरवण्याचं काम आता पाच रोलरच्या कोटरने करायचं. पहिल्या दोन रोलरच्या फटीतून द्रव मोजून निघतो आणि ते अगदी सावकाश फिरतात. पुढचा प्रत्येक रोलर आधीच्यापेक्षा वेगवान, शेवटचा लाइनच्या वेगाला. प्रत्येक सांध्यावर थर ताणला आणि विभागला जातो. ढोबळ हिशेब असा : १०० मीटर वेगाला ०.६ मायक्रॉन हवा, म्हणजे गुणाकार ६०. मोजणारा रोलर ३.५ मीटर वेगाने फिरत असेल तर त्याच्यावरून पुढे जाणारा थर सुमारे १७ मायक्रॉनचा असायला हवा. १७ मायक्रॉन हाताळणं शक्य आहे, ०.६ नाही, सगळी युक्ती वेगांच्या गुणोत्तरात आहे.

रबरी रोलर ईपीडीएमचे घ्यावेत. नायट्राइल रबर हेक्झेनडायॉल डायअ‍ॅक्रिलेटमध्ये फुगतं, कडा जाड होतात आणि काही आठवड्यांत थराचं वजन रुंदीभर सारखं राहत नाही. ट्रे आणि पहिले रोलर ४० अंशांवर स्थिर ठेवावेत. तापमान पाच अंशांनी घसरलं तरी मिश्रण जाड होतं आणि थराचं वजन चढतं.

वजनाची तपासणी सोपी आहे, फक्त कंटाळा न करता करायला हवी. जंबो ४,००० मीटरचा, म्हणजे ५,१२० चौरस मीटर, ०.६ ग्रॅमने ३.०७ किलो. पुरवठ्याचा डबा वजनकाट्यावर ठेवायचा आणि जंबोच्या सुरुवातीचं व शेवटचं वजन लिहायचं. फरक २.८ ते ३.४ किलोच्या बाहेर गेला तर जंबो बाजूला. ट्रेमधली पातळी दोन्ही वेळा सारखीच हवी, नाहीतर आकडा फसवतो. बेंचवरचं एक्स-रे फ्लुओरेसन्स यंत्र इथे उपयोगाचं नाही. ते सिलिकॉन मूलद्रव्य मोजतं, १८ मिलिग्रॅम त्याच्या टप्प्याच्या काठावर येतात, आणि बीओपीपीत थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून बरेचदा सिलिकाचेच कण घातलेले असतात. कोरी फिल्मच सिलिकॉन दाखवते.

दिवा, नायट्रोजन, कोरोना

रुंदीला १३० सेंटिमीटरचे दोन मर्क्युरी दिवे, सेंटिमीटरला १२० वॉट. दोन्ही मिळून ३१ किलोवॉट. ड्रायरचे ३५ किलोवॉट आठवा : वीज आणि इंधनात फार वाचणार नाही, उलट नायट्रोजनचा खर्च नवा. वाचतं ते टोल्युइन, आगीचा धोका, आणि सॉल्व्हंट साठवणीच्या परवान्यांची कटकट. दिव्यांमुळे ओझोन बनतो, त्याचा एक्झॉस्ट बाहेर काढावा. फिल्म दिव्याखाली २० अंशांच्या चिल रोलवर टेकलेली असावी, नाहीतर २८ मायक्रॉनची फिल्म ताणून सुरकुतते.

दिव्याखालच्या बंदिस्त कप्प्यात ऑक्सिजन ५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५० भागांच्या) खाली हवा. हवेतला ऑक्सिजन पिकणं पुढे नेणारे रॅडिकल खाऊन टाकतो, आणि थर जितका पातळ तितका त्याचा वाटा मोठा. धावणारी फिल्म आपल्या अंगाला हवेचा थर ओढून आणते. तो कप्प्याच्या तोंडाशी नायट्रोजनच्या चाकूने कापावा लागतो. ऑक्सिजन मोजायला झिर्कोनियाचा सेन्सर घेऊ नये. तो तापलेला असतो, अ‍ॅक्रिलेटची वाफ त्याच्यावर जळते, त्यात ऑक्सिजन खर्च होतो आणि खऱ्यापेक्षा कमी आकडा दिसतो. इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर घ्यावा. कप्प्याजवळ माणसांसाठी वेगळा अलार्म १९.५ टक्क्यांवर लावावा. गळणाऱ्या नायट्रोजनला वास नसतो.

जुना कार्बामेट बिनाट्रीटच्या पाठीवर लागत होता. यूव्ही थर तिथे धरत नाही, सोलून निघतो. म्हणून कोटरच्या आधी लाइनवरच कोरोना (उच्च दाबाच्या विजेची प्रक्रिया) देऊन पाठ ३८ ते ४० डाईनवर (पृष्ठऊर्जेचं माप) आणायची. आणि इथेच नवा धोका जन्म घेतो.

काय बिघडतं

पहिला बिघाड कोरोनातूनच. जुन्या मांडणीत रिलीजचा एखादा ठिपका सुटला तर तिथे टेप थोडी घट्ट लागायची, बस. आता सुटलेल्या ठिपक्याखाली ट्रीट केलेली फिल्म असते आणि हॉटमेल्ट तिला सोडत नाही. तिथे टेप फाटते किंवा चिकटाचा तुकडा मागे राहतो. शोधायचं कसं? मिश्रणात ०.०३ टक्के फ्लुओरेसंट ट्रेसर घालायचा आणि चिल रोलनंतर काळ्या प्रकाशाखाली, म्हणजे यूव्ही दिव्याखाली, बघायचं. सुटलेली जागा काळी दिसते. ट्रेसर जास्त झाला तर तोच यूव्ही खातो. ठरावीक अंतरावर परत येणारा ठिपका म्हणजे रबरी रोलरवरचा खड्डा किंवा जेल, तो रोलर लाइनच्या वेगाला फिरत असेल तर अंतर भागिले पाय केलं की त्याचा व्यास कळतो. अनियमित ठिपके धुळीचे.

दुसरा बिघाड सर्वांत फसवा आहे. थर अर्धाच पिकला तर टेप अधिक सैल सुटते. न पिकलेला द्रव वंगणासारखा वागतो. ऑपरेटरला वाटतं आज रिलीज झकास आहे. आठवड्याने तोच रोल उघडला की चिकटाचा टॅक (लागताच धरण्याची ताकद) मेलेला असतो. म्हणून नव्या लाइनवर सुटण्याचं बल अचानक कमी झालं तर ते चांगलं लक्षण मानायचं नाही; आधी ऑक्सिजनचा आकडा आणि दिव्याचे तास बघायचे. पटकन करायची चाचणी : पाठीवर पोटॅशियम परमँगनेटच्या १ टक्का पाण्याचा थेंब, शेजारी पक्क्या पिकलेल्या नमुन्यावर दुसरा. उरलेले दुहेरी बंध तपकिरी डाग घेतात. प्रयोगशाळेत इन्फ्रारेडची ८१० (प्रति सेंटिमीटर) ची पट्टी बघतात, ती न पिकलेल्या अ‍ॅक्रिलेटची खूण.

तिसरा, लाइन थांबल्यावरचा. लाइन थांबली की दिव्याचं शटर बंद होतं, नाहीतर फिल्म वितळेल. त्या क्षणी कोटरपासून दिव्यापर्यंतची ३ मीटर आणि कप्प्यातली फिल्म ओलीच राहते. पुन्हा सुरू केल्यावर दिवा पूर्ण ताकदीला येईपर्यंतची आणखी काही मीटर. ही फिल्म जंबोत गेली तर नुसते तेवढे मीटर वाया जात नाहीत. ओला थर वाटेतल्या आयडलर (फिल्मला नुसता आधार देणाऱ्या) रोलरना लागतो, तिथून चिकटाच्या बाजूला जातो आणि पुढचा सगळा जंबो डागाळतो. नियम असा : प्रत्येक थांबण्यानंतर कोटर उचललेला, दिवा तयार, वेग ३० मीटरच्या वर गेल्यावरच कोटर टेकवायचा, ओला भाग रंगीत पट्टीने खुणावून स्लिटरवर कापायचा, आयडलर पुसायला वेगळ्या रंगाची फडकी, जी चिकटाच्या बाजूला कधीही न्यायची नाहीत.

चौथा हिवाळ्याचा. स्टिअरिल अ‍ॅक्रिलेट ३० अंशांच्या आसपास गोठतं. नाशिक-पुण्याच्या डिसेंबरात सकाळी पिंप दगडासारखं असतं. वरचं थोडं वितळवून ओतलं तर वरचा आणि खालचा माल वेगळा निघतो, स्थिरकाचं प्रमाणही बदलतं. पूर्ण पिंप ४५ अंशांच्या कोमट पाण्याच्या जॅकेटमध्ये वितळवायचं, लोळवायचं, मगच काढायचं. थेट वाफ किंवा हीटरचा पट्टा लावायचा नाही. ६० च्या वर पिंप आतल्या आत पिकू शकतं. आणि शेजारी नायट्रोजनची लाइन आहे म्हणून साठ्यावर नायट्रोजन सोडायचा मोह आवरायचा. अ‍ॅक्रिलेटमधला एमईएचक्यू हा स्थिरक विरघळलेल्या ऑक्सिजनशिवाय काम करत नाही. दिव्याखाली जो ऑक्सिजन शत्रू, तो पिंपात रखवालदार.

पाचवा सावकाश येतो. हॉटमेल्टमध्ये साधारण ५ ते १० टक्के खनिज तेल असतं आणि त्याला स्टिअरिलच्या साखळ्या आवडतात. दोन-तीन महिन्यांत तेल थरात शिरून तो फुगवतं आणि सुटण्याचं बल वर चढतं. अकोला-नागपूरच्या मे महिन्यातल्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये हे लवकर घडतं. उपाय म्हणजे स्टिअरिल २४ वरून १८ वर आणून तेवढं हेक्झेनडायॉल वाढवायचं, जाळं घट्ट करायचं. फार वाढवलं तर थर ठिसूळ होऊन स्लिटरच्या पात्याशी त्याची पूड पडते. शक्य असेल तर चिकटातलंच तेल कमी करावं. तो बहुधा जास्त टिकाऊ इलाज.

माणसांच्या बाबतीत : टोल्युइनचा वास गेला म्हणून सगळं निर्धोक झालं, ही समजूत लाइनवर फार लवकर पसरते. अ‍ॅक्रिलेट त्वचेला अ‍ॅलर्जी लावतात, आणि एकदा लागलेली अ‍ॅलर्जी आयुष्यभर राहते. लॅटेक्सचे नव्हे, नायट्राइलचे हातमोजे, भिजले की लगेच बदलायचे. हात सॉल्व्हंटने पुसायचे नाहीत, साबणाने धुवायचे.

मंजुरीची कसोटी

उलगडण्याचं बल एएसटीएम डी३८११ प्रमाणे, हाताच्या आणि मशीनच्या अशा दोन वेगांना. या टेपसाठी आखलेली हद्द २५ मिलिमीटर रुंदीला १.५ ते ३ न्यूटन. खाली गेली तर रोल सरकतो, वर गेली तर आवाज करतो. स्टीलवरचं सोलण्याचं बल डी३३३० प्रमाणे, तेही दोनदा : एकदा रिलीजला न लागलेल्या ताज्या चिकटाचं, एकदा गुंडाळीत ५० अंशांवर सात दिवस राहिलेल्या टेपचं. दुसरं पहिल्याच्या ९० टक्क्यांखाली गेलं तर सुटं सिलिकोन किंवा न पिकलेला मोनोमर उतरतो आहे. कोणतं, हे ८१० ची पट्टी सांगते : ती नसेल तर सिलिकोन. सुट्या सिलिकोनचा आकडा हवा असेल तर अर्धा चौरस मीटर पाठ हेक्झेनने धुऊन आयसीपी या मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर सिलिकॉन मोजायचं, शेजारी कोऱ्या फिल्मचं धुणं ठेवून.

छापील टेपची परीक्षा वेगळी. शाई आधी, रिलीज वर, असा क्रम असेल तर थराने शाईला धरायला हवं आणि शाईवरही तो पूर्ण पिकायला हवा. गडद काळ्या आणि लाल छपाईवर हे स्वतंत्रपणे तपासावं.

बदलानंतरचे पहिले तीस जंबो विक्रीला सोडू नयेत. प्रत्येकातून सुरुवातीचा, मधला आणि गाभ्याजवळचा रोल कापून ठेवायचा. गाभ्याजवळ दाब सर्वाधिक असतो आणि रिलीजची कमजोरी आधी तिथेच उघडी पडते. हे रोल १, ७, ३० आणि ९० दिवसांनी उलगडायचे. तीस दिवसांच्या रोलने दोन्ही हद्दी पाळल्या तर त्या तारखेचे जंबो स्लिटिंगला द्यायचे. नव्वद दिवसांचा निकाल हातात येईपर्यंत जुना ग्रॅव्ह्युअर सिलिंडर भंगारात घालायचा नाही. तो ग्रीस लावून, कागदात गुंडाळून स्टोअरमध्ये ठेवायचा.